एक तीसांश सेकंद

पाच रोल नेले होते मी बोटीवर,
मुदत उलटलेले, फ्रीजमध्ये मटारच्या पिशवीमागे
चार वर्षं पडून असलेले.
बाबा म्हणाले, नेस्टा, हे आता चालायचे नाहीत.
म्हटलं, चालतात. रंग जरा हिरवट पडतो, इतकंच.
"मग मीही चालेन," म्हणाले
आणि सुकाणूपाशी जाऊन उभे राहिले.

एलसमिअरहून चर्कपर्यंत आणि परत,
ताशी तीन मैल.
बदकंसुद्धा पुढे जायची, वळून बघायची.
एका रोलमध्ये छत्तीस फोटो,
आणि आई केर्नार्फनला निघून गेल्यापासून
आमच्या दोघांतही तोच आकडा.
पण बोट अरुंद. सात फूट.
भांडायचं तर एकाने आधी छपरावर जायला हवं.

दुसऱ्या लॉकपाशी त्यांच्या हातून
झडपा उघडायची लोखंडी किल्ली सुटली,
बुडुक्, आणि गेली.
मी ओरडले, लक्ष कुठे असतं तुमचं!
मिसेस प्रॉबर्टकडे, जिथे अंडी मिळतात तिथेच,
नवी मिळाली, नऊ पाउंडांना.
पैसे मी दिले. तेही ऐकवलं.

आता नोव्हेंबर.
स्वयंपाकघराच्या टेबलावर उजेडाची पाटी,
तिच्यावर पट्ट्या, कोऱ्या चहाच्या रंगाच्या,
आणि आत भलताच मुलूख:
विटकरी आभाळ, जांभळं गवत,
बाबांचे पांढरे केस शाईसारखे काळे,
हसले आहेत तिथे दातही काळे.

एकेक चौकट कॅमेऱ्याने टिपायची,
धूळ फुंकायची, संगणकावर उलटी करायची.
नुसतं उलटं केलं म्हणून काही सुलट होत नाही.
सगळं निळं येतं, बुडाल्यासारखं.
आधी त्याला सांगावं लागतं
त्या दिवशी पांढरं काय होतं.

मी लॉकच्या दांड्याचं टोक दाखवलं.
काळा ओक, आणि टोकाला पांढरा रंग,
अंधारात कुणी आपटू नये म्हणून दिलेला.
तिथे क्लिक केलं
आणि अख्खं श्रॉपशर जागेवर आलं.

पाणी मात्र येईना. कधी मोरपंखी, कधी गढूळ.
फोन केला: बाबा, कालव्याचं पाणी कसं होतं?
"ओलं."
मग जरा वेळाने: "सावलीत दुधाच्या चहासारखं.
उन्हात बघितलंच नाही मी, समोर बघत होतो."

एकोणिसावी चौकट.
झाडांखाली उजेड कमी, म्हणून एक तीसांश सेकंद.
दोराची गुंडाळी स्पष्ट, पत्र्यावरचे खिळे मोजता येतात,
काठावरचा बगळा तर
कोरून बसवल्यासारखा.
फक्त बाबांचा उजवा हात धुरासारखा.

माझाच हात हलला असेल, म्हटलं.
पण मग बगळाही हलला असता.

सतरावी काढली. बाविसावी. तिसावी.
चारशे टक्के मोठी करून पाहिली.
सुकाणू सगळीकडे डाव्या हातात.
उजवा कुठे खिशात, कुठे मगाआड,
आणि जिथे उघडा, तिथे धूर.
रेखीवपणाची पट्टी शेवटपर्यंत ओढली.
हात नाही आला,
रवाळ दाणे तेवढे वर आले, रेतीसारखे.

धूळ पुसायचं हत्यार चालूच होतं.
त्याने बाणाचं टोक नेऊन ठेवलं नेमकं त्या हातावर:
काढू का?
नको म्हटलं. टेबलाला.

रविवारी त्यांचाच फोन आला.
"किती निघाले बरे?"
छत्तीसातले बत्तीस.
"आणि चार?"
हललेत.
पलीकडे रेडिओ बंद केल्याचा आवाज.
"कोण हललं? तू की मी?"

बोट, म्हटलं मी.

"हां, बोट," ते म्हणाले,
आणि मग आम्ही बराच वेळ
त्या बोटीबद्दलच बोलत राहिलो,
तिच्या इंजिनाबद्दल, गळक्या खिडकीबद्दल,
पुढच्या मे महिन्यात
ती मिळेल का, याबद्दल.